स्पीकर आणि ॲम्प्लिफायरचे ओहम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आधीचा महिना आला की दुरुस्तीच्या टेबलावर एकच प्रश्न फिरून फिरून येतो: ‘हा स्पीकर या मशीनला, म्हणजे ॲम्प्लिफायरला, चालेल का?’ विचारणारा कधी मंडळाचा कार्यकर्ता असतो, कधी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून बोर्ड आणून घरी होम थिएटर जुळवणारा मुलगा, कधी देवळाचे पुजारी. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवलेलं बरं.

स्पीकरच्या मागे ८ ओहम लिहिलंय, पण मल्टिमीटर ६ दाखवतो. मला फसवलं का?

नाही. मल्टिमीटर बॅटरीचा स्थिर प्रवाह सोडून व्हॉइस कॉइलच्या, म्हणजे स्पीकरमधल्या तारेच्या वेटोळ्याच्या, तांब्याचा रोध मोजतो. गाणं म्हणजे सतत उलटसुलट होणारा प्रवाह. त्याला तांब्याशिवाय कॉइलचं इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा वेटोळ्याचा गुण) आणि कोनची, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याची, हालचालही अडवते. या सगळ्या अडवणुकीची बेरीज म्हणजे इंपीडन्स, आणि ती प्रत्येक सुराला वेगळी असते. ज्या सुरावर कोन आपणहून झुलतो, तिथे ८ ओहमचा वूफर (बेसचा स्पीकर) ३० किंवा ४० ओहमसुद्धा दाखवतो. मग आलेख खाली येतो, सपाट होतो आणि वरच्या पट्टीत पुन्हा चढतो.

मागे छापलेला ८ हा सोयीसाठी धरलेला आकडा आहे. आयईसी ६०२६८-५ या मानकाप्रमाणे इंपीडन्स कुठेही छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ चा स्पीकर ६.४ च्या खाली नाही आणि ४ चा ३.२ च्या खाली नाही. मीटरवर ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन ते साडेतीन, आणि कर्ण्याचं १६ ओहमचं युनिट अकरा ते तेरा. मीटरच्या वायरी आधी एकमेकींना टेकवून बघा. तिथे जे ०.३ किंवा ०.४ दिसेल ते वजा करायचं.

जुळवायचं म्हणजे ८ च्या मशीनला ८ चाच स्पीकर लावायचा ना?

इथेच सगळा घोळ आहे, आणि तो ‘मॅचिंग’ या शब्दाने केलेला आहे. डिप्लोमाला ‘मॅक्झिमम पॉवर ट्रान्सफर’चा सिद्धांत शिकवतात: स्रोताचा आणि भाराचा रोध सारखा असेल तर भाराला सर्वांत जास्त शक्ती मिळते. सिद्धांत खरा आहे, पण तो इथे लावायचा नाही. आजच्या ट्रान्झिस्टर किंवा आयसीच्या ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आऊटपुट इंपीडन्स ०.१ ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. त्याला ‘जुळणारा’ स्पीकर शोधायचा तर ०.१ ओहमचा लागेल. म्हणजे सरळ शॉर्टच केला म्हणा.

ॲम्प्लिफायर हा घरातल्या वीजजोडणीसारखा आहे. प्लगमध्ये २३० व्होल्ट येतात. त्यावर झीरोचा बल्ब लावा नाहीतर गीझर, प्लगला काही ‘जुळवून’ लागत नाही. फक्त वायरिंगला झेपेल त्यापेक्षा जास्त प्रवाह ओढू नये. ॲम्प्लिफायरचंही तसंच: तो आवाजाच्या प्रमाणात व्होल्ट देतो, आणि त्यातून किती अँपिअर ओढायचे ते स्पीकर ठरवतो. ओहम कमी, ओढ जास्त.

म्हणून मशीनच्या पाठीवर ‘४ ओहम’ लिहिलेलं असेल तर ते ‘कमीत कमी ४ ओहम’ असं वाचा. ४ चालेल, ६ चालेल, ८ चालेल, १६ सुद्धा चालेल. ३ किंवा २ नको. लक्षात ठेवायची ती ही खालची मर्यादा. ‘जुळवणं’ हा शब्द ज्यांना खरोखर लागू पडतो असे दोनच प्रकार आपल्या आसपास आहेत, व्हॉल्व्हची (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांची) मशीन आणि १०० व्होल्ट लाइन. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलंय.

८ ओहमच्या मशीनला ४ चा स्पीकर लावला. वाजतोय की मस्त! मग बिघडलं काय?

हळू आवाजात काहीच बिघडत नाही, म्हणून तर लोक फसतात. हिशोब बघा. मशीन २० व्होल्ट देतंय असं धरू. ८ ओहमला २.५ अँपिअर प्रवाह आणि ५० वॉट. ४ ओहमला त्याच २० व्होल्टवर ५ अँपिअर आणि १०० वॉट. कागदावर फायदाच दिसतो.

पण आऊटपुट ट्रान्झिस्टरमध्ये मुरणारी उष्णताही दुप्पट होते. अधिक-उणे ३० व्होल्टच्या सप्लायवर चालणाऱ्या साध्या एबी क्लासच्या चॅनेलमध्ये, सगळ्यात वाईट स्थितीत, ८ ओहमला सुमारे २३ वॉट उष्णता होते आणि ४ ओहमला ४६. हीटसिंक वॉटमागे दीड अंश तापणारा असेल तर पहिल्या वेळी तो खोलीपेक्षा ३४ अंश वर जातो, दुसऱ्या वेळी जवळजवळ ७०. नागपुरात मे महिन्यात खोलीच ४२ अंशांवर असेल तर हीटसिंक ११० अंशांच्या घरात, आणि ट्रान्झिस्टरच्या आतली चकती त्याहून वर. ५२००-१९४३ ही आऊटपुट ट्रान्झिस्टरची जोडी दणकट आहे हो, पण तीही शेवटी सिलिकॉनचीच. शिवाय ट्रान्सफॉर्मर आणि फिल्टर कपॅसिटर ८ ओहमच्या हिशोबाने टाकलेले असतील तर बेसच्या ठोक्याला सप्लाय खाली बसतो आणि आवाज फाटतो.

चांगल्या मशीनमध्ये संरक्षण असतं, ते मशीन बंद पाडतं आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू करतं. हे वारंवार होत असेल तर दोष मशीनचा नाही.

उलटं केलं तर? ४ ओहमच्या मशीनला ८ चा स्पीकर?

बिनधास्त लावा. ताकद कमी मिळेल, एवढंच. कागदावर ती निम्मी, प्रत्यक्षात निम्म्याहून थोडी जास्त, कारण प्रवाह कमी ओढल्याने सप्लाय कमी बसतो. टीडीए २०३० या आयसीची माहितीपुस्तिका अधिक-उणे १४ व्होल्टवर ४ ओहमला १४ वॉट आणि ८ ओहमला ९ वॉट सांगते. ताकद निम्मी झाली तरी कानाला फरक फक्त ३ डेसिबलचा असतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. त्यामुळे ४ आणि ८ मधल्या फरकापायी नवीन स्पीकर घेणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

पण माझा ४ ओहमचा स्पीकर ८ पेक्षा जोरात वाजतो, हे खरं आहे की.

खरं आहे, कारण तो जास्त वॉट खातोय. कंपन्या कधीकधी स्पीकरची संवेदनशीलता ‘एक वॉटला’ सांगतात, कधी ‘२.८३ व्होल्टला’. ८ ओहमवर २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॉट. ४ ओहमवर तेच २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॉट. म्हणजे २.८३ व्होल्टला ९० डेसिबल लिहिलेला ४ ओहमचा स्पीकर एका वॉटला खरं तर ८७ चा असतो. दोन बॉक्सवरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्याआधी ही बारीक अक्षरं वाचा.

एका चॅनेलवर दोन किंवा चार स्पीकर कसे जोडायचे?

सिरीजमध्ये, म्हणजे एकाच्या उणेला दुसऱ्याचा अधिक, ओहमची बेरीज होते. ८ आणि ८ मिळून १६. पॅरललमध्ये, म्हणजे सगळे अधिक एकत्र आणि सगळे उणे एकत्र, सारख्या स्पीकरसाठी ओहम भागिले संख्या: ८ चे दोन म्हणजे ४, तीन म्हणजे २.६७, चार म्हणजे २.

चार स्पीकरसाठी माझी आवडती जोडणी मिश्र आहे. दोन-दोन सिरीजमध्ये घ्या, १६ आणि १६ होतात. या दोन जोड्या पॅरलल करा, पुन्हा ८. चारही स्पीकरना सारखी ताकद मिळते आणि मशीनला वाटतं एकच ८ ओहमचा स्पीकर लावलाय. शिकाऊ होतो तेव्हा एका वरातीत मी चौथा बॉक्स तसाच पॅरललमध्ये खोचला होता, २ ओहम झालेत याचा पत्ताच नव्हता. वरात मारुतीच्या देवळापर्यंत पोहोचली आणि पुढे सनईवाल्यांनी ती एकट्याने ओढली. तो चॅनेल मला माझ्या पगारातून दुरुस्त करून द्यावा लागला.

जुन्या स्टिरिओ मशीनवर ए, बी आणि ए+बी असं बटण असतं. ए+बी दाबलं की बहुतेक मशीनमध्ये दोन्ही जोड्या पॅरलल होतात. मागच्या पट्टीवर अशा वेळी ‘प्रत्येकी ८ ओहम किंवा जास्त’ लिहिलेलं असतं, ते काही शोभेसाठी नाही.

४ चा आणि ८ चा एकत्र जोडला तर?

जोडता येतो, पण ताकद सारखी वाटली जात नाही. पॅरललमध्ये एकूण २.६७ ओहम होतात आणि ४ च्या स्पीकरला ८ च्या दुप्पट वॉट जातात. सिरीजमध्ये एकूण १२ होतात, आणि आता उलट, ८ च्या स्पीकरला दुप्पट. लहान स्पीकरला मोठा वाटा गेला तर तो आधी जातो. वेगवेगळ्या मापाचे स्पीकर सिरीजमध्ये आणखी घोळ घालतात: एकाचा इंपीडन्स ज्या सुरावर चढतो, तिथे दुसऱ्याचा आवाज दबतो. मला विचाराल तर वेगवेगळ्या स्पीकरना वेगवेगळे चॅनेल द्या.

ओहम कमी पडतात म्हणून सिरीजमध्ये रेझिस्टर टाकू का?

मशीन वाचेल, पण गाणं मरेल. ४ च्या स्पीकरला ४ चा रेझिस्टर लावला की अर्धी ताकद रेझिस्टर तापवण्यात जाते. मघाच्या २० व्होल्टवर तो २५ वॉट ओकतो, सिमेंटचा पांढरा रेझिस्टरही हात लावू देणार नाही. शिवाय मशीनची स्पीकरवरची पकड सुटते: ठोका संपला तरी कोन झुलत राहतो, बेस सैल होतो. त्यापेक्षा तसाच दुसरा स्पीकर सिरीजमध्ये घ्या, निदान त्यातून आवाज तरी येईल.

ट्विटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) बदलला, ८ च्या जागी ४ चा लावला. आता आवाज बोचतो किंवा पातळ वाटतो. का?

कारण ट्विटरच्या आधी जो कपॅसिटर आहे त्याने ८ ओहम धरून गाळणी लावलेली होती. ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ८ ओहमबरोबर साधारण ४,२०० हर्ट्झपासून वरचं सोडतो. ४ ओहमबरोबर तोच कपॅसिटर ८,५०० हर्ट्झपासून सोडतो. मधली पट्टी, जिथे शब्दांची धार आणि टाळांची किणकिण असते, ती कुणीच वाजवत नाही. ४ चा ट्विटर ठेवायचाच असेल तर कपॅसिटर दुपटीचा घ्या, नॉनपोलर, म्हणजे अधिक-उणे टोकं नसलेला. मग मधली पट्टी परत येते. पण व्होल्ट तेच असताना ४ चा ट्विटर जास्त वॉट ओढतो, म्हणून तो वूफरच्या वर ओरडण्याची शक्यता राहतेच. दुकानदार ‘ओहम काय, कुठलाही चालतो’ म्हणाला तर क्रॉसओव्हरच्या, म्हणजे या गाळणीच्या, बाबतीत त्याचं ऐकू नका.

ब्रिज केलं की दुप्पट ओहम लागतात असं म्हणतात. खरं का?

खरं. ब्रिजमध्ये दोन चॅनेल एकाच स्पीकरची दोन टोकं उलट दिशांनी ओढतात, त्यामुळे प्रत्येक चॅनेलला स्पीकर निम्म्या ओहमचा भासतो. एकेक चॅनेल ४ पर्यंत झेपवत असेल तर ब्रिजला किमान ८ द्या. आपल्याकडे घराघरांत पोहोचलेली ४४४० आयसी हे त्याचं सरळ उदाहरण: स्टिरिओत २ ते ८ ओहम, ब्रिजमध्ये ४ ते ८. त्या बदल्यात १३.२ व्होल्टवर ४ ओहमला प्रत्येकी ६ वॉटऐवजी एकत्र १९ वॉट मिळतात.

यातच मरण्याची आणखी एक सोपी वाट आहे. ब्रिजच्या आऊटपुटचा उणे म्हणजे ग्राउंड नव्हे. गाडीच्या स्टिरिओत आणि बाजारातल्या बहुतेक क्लास डी बोर्डांत आऊटपुट ब्रिजचंच असतं. वायर वाचवायला दोन स्पीकरचे उणे एकत्र बांधले किंवा बॉडीला टेकवले की आयसी गेली.

गाडीत सगळं ४ ओहमचंच का असतं?

कारण बॅटरी. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट मिळतात आणि ब्रिज करूनही ४ ओहमवर सैद्धांतिक मर्यादा २६ वॉटच्या खाली राहते. प्रत्यक्षात १८ ते २०. डब्यावरचं ‘५० × ४’ हे जाहिरातीचं गणित आहे. व्होल्ट वाढवता येत नाहीत म्हणून ओहम कमी केले, इतकंच. मोठ्या बूस्टरमध्ये आत व्होल्ट वाढवणारा वेगळा सप्लाय असतो.

सबवूफर डबल कॉइलचा असेल, ४ आणि ४, तर सिरीजमध्ये ८ किंवा पॅरललमध्ये २ होतात. एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी सोडू नका, ताकद सहन करण्याची क्षमता निम्मी होते.

माझ्याकडे जुनी व्हॉल्व्हची मशीन आहे. तिलाही हाच नियम?

नाही, तिथे मात्र खरोखर जुळवावं लागतं. व्हॉल्व्हला हजारो ओहमचा भार लागतो, म्हणून मध्ये आऊटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या वेढ्यांचं गुणोत्तर २५ ला १ असेल तर ओहम त्याच्या वर्गाने, ६२५ पटीने वाढतात: पलीकडचा ८ चा स्पीकर व्हॉल्व्हला ५,००० ओहमचा दिसतो. ८ च्या खुंटीला ४ चा लावला तर २,५०० दिसतो, व्हॉल्व्हवर ताण येतो. म्हणून पाठीमागे ४, ८, १६ अशा वेगवेगळ्या खुंट्या असतात, ज्याची त्याला द्या.

आणि ट्रान्झिस्टरच्या उलट एक गोष्ट: व्हॉल्व्हची मशीन स्पीकरशिवाय कधीही वाजवू नका. मोकळ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळून आत ठिणगी पडते. आजोबांचं मशीन माळ्यावरून काढून ‘बघूया लागतं का’ म्हणणाऱ्या नातवांसाठी हे मुद्दाम लिहितोय.

देवळावर चार कर्णे, सभामंडपात सहा बॉक्स, आणि मशीन गाभाऱ्याशेजारी. ओहम कसे मोजू?

मोजू नका. अशा लांब आणि जास्त संख्येच्या कामाला १०० व्होल्टची लाइन वापरा. पीए प्रकारच्या मशीनच्या, अगदी आहुजाच्या कितीतरी मशीनच्या पाठीवर ४, ८, १६ ओहमबरोबर ७० आणि १०० व्होल्टचे स्क्रू असतात, ते यासाठीच. प्रत्येक कर्ण्यावर आणि बॉक्सवर एक लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर बसवायचा. त्याच्यावर ५, १०, १५ वॉट अशी टोकं असतात. सगळे पॅरलल जोडायचे आणि फक्त वॉटची बेरीज करायची.

चार कर्णे १५ च्या टोकावर, ६० वॉट. सहा बॉक्स ५ वर, ३० वॉट. एकूण ९०. मशीन १२० चं असेल तर निवांत चालेल, एक चतुर्थांश ताकद शिल्लक राहते. आत ओहमच असतात, पण त्यांचा हिशोब ट्रान्सफॉर्मर करतो: १०० चा वर्ग भागिले वॉट, म्हणजे १० वॉटचं टोक लाइनला १,००० ओहम दिसतं. एखाद्या कोपऱ्यात आवाज जास्त झाला तर तिथलं टोक १५ वरून ५ वर आणा, बाकीच्यांना कळणारही नाही.

एकच पथ्य आहे. १०० व्होल्टच्या लाइनला ट्रान्सफॉर्मर नसलेला ८ ओहमचा स्पीकर कुणी उत्साहाने जोडला तर त्याने १,२५० वॉट मागितल्यासारखं होतं. सप्ताहाच्या धामधुमीत हे दरवर्षी कुठेतरी घडतं. वायरीही हाताने चाचपू नका, १०० व्होल्ट झटका देतात.

लांब वायरचा ओहमशी काय संबंध?

घरातल्या वायरिंगची दीडची (दीड चौरस मिलिमीटरची) तांब्याची वायर किलोमीटरला १२ ओहमच्या आसपास असते. १०० मीटरवरच्या कर्ण्यासाठी जाऊन-येऊन २०० मीटर, म्हणजे २.४ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला मग मूळ ताकदीच्या ५९ टक्केच पोहोचते, ४ च्या स्पीकरला ३९. तोच कर्णा १०० व्होल्टवर ३० वॉटच्या टोकाने लावला तर लाइनला तो ३३३ ओहमचा दिसतो, त्यापुढे २.४ म्हणजे किस झाड की पत्ती. घरातल्या दहा मीटरला मात्र दीडची वायर भरपूर झाली. सोन्याच्या मुलाम्याच्या केबलवर पैसे घालवायचे असतील तर घालवा, मी अडवत नाही.

वॉटही जुळवायचे का?

ढोबळपणे स्पीकरचे आरएमएस (सतत झेपणारे) वॉट मशीनच्या आरएमएस वॉटइतके किंवा थोडे जास्त ठेवा, आणि मशीनचे वॉट त्याच ओहमवरचे बघा. पीएमपीओचा, म्हणजे जाहिरातीतला फुगवलेला, आकडा वाचूच नका. लहान मशीन फाडून वाजवलं तरी स्पीकर जळू शकतो: सुराचं टोक कापून ते चौकोनी झालं की त्याच उंचीत दुप्पटीपर्यंत ताकद भरते.

मागचा कागद निघून गेलाय. स्पीकर किती ओहमचा, कसं ओळखू?

मीटरच्या आकड्याला सव्वाने गुणून जवळचा ४, ६, ८ किंवा १६ घ्या. बहुतेक वेळा बरोबर येतं. खात्री हवी असेल तर १० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर स्पीकरच्या सिरीजमध्ये लावा, मोबाइलच्या टोन जनरेटरवरून ४०० हर्ट्झचा सूर हळू सोडा आणि एसी व्होल्ट मोजा, आधी रेझिस्टरवर, मग स्पीकरवर. स्पीकरचे भागिले रेझिस्टरचे, गुणिले १०. रेझिस्टरवर ०.५ आणि स्पीकरवर ०.४ आले तर ८ ओहम. फार वरचा सूर घेऊ नका, साधे मल्टिमीटर तिथे खोटं बोलतात.

मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली किंवा कोनजवळची लवचीक वायर सुटली. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा: ‘टक’ आवाज आला तर कॉइल जिवंत आहे, आणि कोन बाहेर उसळला तर सेलचं अधिक टोक ज्या स्क्रूला आहे तोच स्पीकरचा अधिक. मीटर ८ च्या स्पीकरला १ किंवा २ दाखवत असेल तर कॉइलचे वेढे आतून जळून एकमेकांना चिकटलेत. असा स्पीकर वाजतोय म्हणून लावू नका, तो मशीनलाही घेऊन जाईल. आधी रिकोनिंगला, म्हणजे नवी कॉइल आणि कोन बसवायला, टाका, मशीनचं नंतर बघू.